सरकारला मेसेजची चावी दिली तर बिघडलं काय?

प्रश्न : आमचं अंबाजोगाईत औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाईक डॉक्टरची चिठ्ठी व्हॉट्सअपवरच टाकतेत. पुतण्या म्हणायला, सरकार कंपन्यांकडं लोकांचे मेसेज उघडायची सोय मागायलंय, ती देऊच नये. मी म्हणलो, आपण काय चोर आहोत का? अतिरेकी धरायचे तर पोलिसाला वाचता यायला पाहिजे. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : दादा, तुमची काळजी खरी आहे, पण बरोबर पुतण्याचंच आहे. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमधे बंद होतो तो थेट तुमच्या फोनमधे उघडतो, मधे कंपनीलापण वाचता येत नाही. ह्या कुलपालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतेत. आता अतिरेक्यापुरतं वेगळं कुलूप बनवता येत नाही ना, फट ठेवायची तर सगळ्यांच्याच कुलपात ठेवावी लागते, तुमच्याकडं येणाऱ्या टीबीच्या, डोकं फिरल्याच्या, गर्भपाताच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांतसुद्धा. आणि त्या फटीतून आत कोण आलं, पोलीस का चोर, हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

हे नुसतं बोलणं नाही, झालेलं आहे. ग्रीसमधे २००४-०५ ला व्होडाफोनच्या यंत्रणेत पोलिसांसाठी असलेली टॅपिंगची सोय कुणीतरी गुपचूप वापरली आणि खुद्द पंतप्रधानासकट शंभराच्या वर लोकांचे फोन महिनोन्महिने ऐकले, कोणी केलं ते तेव्हा कुणाला कळलंबी नाही. अमेरिकेनं १९९४ च्या कायद्यानं टेलिफोन कंपन्यांना अशी सोय ठेवायलाच लावली होती, २०२४ ला चिनी हॅकर तिथपर्यंत पोचले. मग तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की बाबांनो, एन्क्रिप्शनवालं अ‍ॅप वापरा! इतकं होऊनबी ब्रिटननं अ‍ॅपलकडं तसलीच मागणी केली, तर फेब्रुवारी २०२५ मधे अ‍ॅपलनं तिथं आयक्लाउडचं, म्हणजे फोनमधला डेटा ऑनलाइन साठवायच्या सोयीचं, जादा संरक्षणच काढून घेतलं, म्हणजे भुर्दंड साध्या माणसाला.

आपल्याकडं २०२१ च्या नियमात मेसेज पहिल्यांदा कोणी टाकला ते सांगा असं आहे. सरकार म्हणतं गंभीर गुन्ह्यापुरतंच मागू, पण तो एक माणूस सापडायला प्रत्येकाच्या मेसेजवर खूण ठेवावी लागणार. व्हॉट्सअप त्यावर दिल्ली हायकोर्टात गेलंय, आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलेलंच आहे.

पोलिसाचे हात काही बांधलेले नाहीत. संशयिताचा फोन उघडता आला की मेसेज तिथंच दिसतेत, कोणाचं कोणाशी कधी बोलणं झालं तेबी कंपनीकडून मागवता येतं. २०१६ ला अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपास यंत्रणेनं एका हल्लेखोराचा आयफोन उघडून द्या म्हणून अ‍ॅपलला कोर्टात खेचलं, अन् शेवटी तो फोन बाहेरच्या माणसांकडून उघडून घेतला.

तुम्ही एक करा. व्हॉट्सअपच्या सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथं जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू आहे का बघा, बऱ्याच जणांचा बंदच असतो, मग चिठ्ठ्यांचे फोटो गूगल ड्राइव्हवर त्या कुलपाशिवाय पडून राहतेत. पासवर्ड टाकला तर वहीत लिहून घरच्या कपाटात ठेवा, विसरलात तर तो बॅकअप कंपनीलाबी उघडून देता येत नाही.