सीआरपी उतरला, ईएसआर चढाच: आमवात आटोक्यात आला का?

औषध सुरू केल्यावर, शरीरातला दाह पाहण्याच्या दोन रक्ततपासण्यांपैकी सीआरपी ३८ वरून ४ वर आला, पण ईएसआर अजून ४६ दाखवतोय, मग डोस वाढवावा लागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझाही आमवात बराच जुना आहे, त्यामुळे ही धाकधूक चांगली ओळखीची आहे. एवढ्या एका आकड्यावरून घाबरू नका.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. दाह सुरू झाला की सहा-आठ तासांत ते वाढू लागतं आणि दाह थांबला की साधारण १९ तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून औषध लागू पडतंय की नाही हे ते लवकर सांगतं. ईएसआरमध्ये दाह थेट मोजलाच जात नाही. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच बघतात. रक्तात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) किंवा अँटिबॉडी वाढल्या की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भरभर खाली जातात. फायब्रिनोजेन ओसरायला काही दिवस लागतात, अँटिबॉडी कमी व्हायला तर कित्येक आठवडे. शिवाय वय, गरोदरपण आणि रक्तक्षय यांनीही ईएसआर वाढतो. तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? आमवातात ते बरेचदा कमी असतं, म्हणून मी आधी तेच पाहीन.

आणि सांधे काय म्हणतात? सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, बोटांवर सूज आहे का, हे डॉक्टरांना नक्की सांगा. डोस ठरवताना ते सुजलेले आणि दुखरे सांधे मोजतात, निव्वळ रिपोर्ट बघून ठरवत नाहीत.

सीआरपीच्या आधीच्या आणि आताच्या रिपोर्टवरची एककंही एकदा ताडून बघा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ४ प्रति डेसिलिटर म्हणजे ४० प्रति लिटर! शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा.

औषध कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. टोसिलिझुमॅब असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. यकृताला सीआरपी बनवायला लावणारा इंटरल्युकिन-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा संदेशच ते अडवतं. त्यामुळे जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी ताप किंवा खोकला आला, तर रिपोर्ट चांगला आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.