घरचा नेब्युलायझर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला दम्यासाठी डॉक्टरांनी नेब्युलायझर (औषधाची वाफ करून श्वासातून देणारं मशीन) सांगितला आहे. पूर्वी दहा मिनिटांत संपणारं औषध आता वीस-पंचवीस मिनिटं घेतं. मास्क लावला की तो रडतो, म्हणून थोडा लांब धरते. सलाईन संपलं तर उकळलेलं पाणी चालेल का?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : आधी पाण्याचं बोलू, कारण धोका तिथे आहे. साधं पाणी उकळून गार केलेलं असलं तरी घालू नका. त्यानं खोकला उसळतो आणि दम्याच्या मुलाच्या श्वासनळ्या आणखी आवळतात. घरी मीठ घालून केलेलं पाणी, निलगिरीचं तेल, बाम यातलंही काही नको. मेडिकलमध्ये ०.९ टक्के नॉर्मल सलाईनच्या छोट्या कुप्या मिळतात, त्या आणून ठेवा. शिरेतून देण्याची मोठी बाटली सुई टोचून आठ-आठ दिवस पुरवणं चुकीचं आहे. एकदा भोक पडलं की ती निर्जंतुक राहत नाही. साल्ब्युटामॉलची (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) २.५ मिलीची तयार कुपी असेल, तर बहुतेक वेळा काही मिसळावं लागत नाही. बाटलीतलं घट्ट द्रावण असेल तर मात्र सलाईन हवंच. अशा वेळी मशीनच्या औषध भरायच्या कपात एकूण ३ ते ४ मिली भरावं. औषध किती, ते चिठ्ठीत लिहिलेलं तेवढंच.

आता मशीन. नळी कपापासून काढा, मशीन चालू करा आणि नळीच्या तोंडावर बोट धरा. हवा जोरात लागली तर दोष कपात आहे. कपाच्या तळाच्या बारीक छिद्रात औषध वाळून बसतं. कप कोमट साबणपाण्यात भिजवून धुवा, पण छिद्रात टाचणी घालू नका. छिद्र मोठं झालं की थेंब जाड होतात आणि घशातच अडकतात. धुतल्यावर आतला छोटा शंकू परत बसवायचा राहिला तर वाफ येतच नाही, हेही बघा. हवाच कमी लागत असेल तर फिल्टर काढून पाहा. तो करडा पडला असेल तर बदला. धुऊन पुन्हा बसवू नका. नळी चिरली आहे का, व्होल्टेज कमी आहे का, तेही तपासा.

मास्क लांब धरणं मात्र आजपासून थांबवा. दोन सेंटीमीटर अंतर राहिलं तरी निम्म्याहून अधिक औषध हवेत जातं. रडतानाही औषध छातीत फारसं पोचत नाही. मुलाला मांडीवर ताठ बसवा, आधी मशीनचा आवाज ऐकू द्या, मास्क त्याच्याच हातात द्या, मग गालाला नीट टेकवा. कप उभा हवा. फडफड आवाज येऊ लागला की कपावर टिचकी मारा; तरी वाफ येईना तर थांबा. तळाशी थोडं औषध उरतंच, ते टाकून द्या. औषध ब्युडेसोनाईड (श्वासनळ्यांची सूज कमी करणारं स्टेरॉइड) असेल तर नंतर चूळ भरायला लावा आणि तोंड पुसा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

तुमच्याकडच्या पावसात कप वाळत नाही, ही खरी अडचण. फडक्यानं पुसू नका. पाणी झटका, कप नळीला जोडून मशीन दोन-तीन मिनिटं रिकामं चालवा, मग झाकणाच्या डब्यात ठेवा. नळी आतून धुवायची नसते.

प्रश्न : आई ६६ वर्षांची, तंबाखूच्या वखारीत काम केलेली, सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. करंट गेला की काय करावं? मशीनची सवय लागते का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : सवय लागत नाही. गरज वाढत असेल तर आजार वाढतो आहे, आणि ते डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. करंट नसताना इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) वापरा. पद्धत बरोबर असेल तर तो नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो. इनहेलर हलवा, एक पफ स्पेसरमध्ये सोडा, पाच-सहा संथ श्वास घ्या, मग दुसरा. सगळे पफ एकदम सोडू नका. एकूण किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

आईंना काचबिंदू असेल तर डॉक्टरांना सांगा. इप्राट्रोपियम या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची वाफ डोळ्यांत गेल्यास दाब वाढतो, म्हणून मास्कऐवजी तोंडात धरायची नळी बरी. घरी ऑक्सिजन असला तरी त्यावर नेब्युलायझर स्वतःहून जोडू नका. सीओपीडीत जास्त ऑक्सिजननं रक्तात कार्बन डायऑक्साईड साचू शकतो. औषधानंतर हात थरथरणं, छातीत धडधडणं थोडा वेळ होतं.

औषधाचा आराम चार तासही टिकत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडले किंवा गुंगी येऊ लागली, तर पुन्हा कप भरत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत आईंना पुढे वाकवून बसवा, आडवं करू नका.