प्रवेशचाचणीसाठी कोणते स्वगत निवडावे?

प्रश्न : मी उदगीरचा असून माझे वय 19 आहे. सध्या बी.ए.च्या पहिल्या वर्षात शिकत आहे, परंतु पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यविषयाच्या पदवीसाठी नव्याने प्रवेश घ्यावा, असे मनात आहे. युवक महोत्सवात दोन एकांकिकांतून कामे केली आहेत. चाचणीसाठी ‘नटसम्राट’मधील बेलवलकरांचे स्वगत पाठ केले आहे. ही निवड योग्य आहे का? शिवाय ‘जाऊलालो’, ‘करूलालो’ असे आमच्याकडचे बोलणे तोंडात बसलेले असल्यामुळे तिथे हसे होईल, अशी भीती वाटते.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : पुण्याचा विचार तुमच्या वयाला योग्य आहे. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे दोन्ही पर्याय पदवीनंतरचे आहेत.

स्वगत मात्र बदला, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी 1970 मध्ये बेलवलकर रंगमंचावर प्रथम उभे केले, तेव्हा तेही 43 वर्षांचे होते आणि त्यांच्या गाठीशी रंगभूमीवरचा मोठा अनुभव होता. एकोणीस वर्षांचा मुलगा ही भूमिका घेतो तेव्हा नकळत पाठ वाकवतो, आवाज घोगरा करतो, हात थरथरवतो, आणि या सगळ्या खटाटोपात परीक्षकांना तो स्वतः कुठेच दिसत नाही. आपल्या वयाच्या आसपासचे, आपल्याला कळलेल्या पेचात सापडलेले पात्र निवडा; नाटक फारसे कोणी न केलेले असले तरी चालेल.

याचे कारण चाचणीच्या हेतूत आहे. 1987 साली सुरू झालेल्या या केंद्राच्या नावाला ‘गुरुकुल’ हा शब्द जोडलेला आहे, आणि कोणत्याही नाट्यशिक्षकाला घडवता येईल असा विद्यार्थी हवा असतो. त्यामुळे तुमचे सादरीकरण संपल्यावर ‘आता हेच शेजारच्या खोलीत वडील झोपले आहेत असे समजून करा’ अशी सूचना मिळू शकते. ज्याने चढउतार पाठ केलेले असतात तो इथे अडखळतो. म्हणून प्रत्येक वाक्याखाली, पात्राला समोरच्याकडून या क्षणी काय हवे आहे, ते पेन्सिलने लिहा. ‘दार लावून घे’ हे साधे वाक्य घ्या. बाहेर पाऊस आहे म्हणून, भांडण शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि समोरच्याने जाऊ नये म्हणून, असे तीन वेळा ते मोठ्याने म्हणून पाहा. आवाज मुद्दाम न बदलताही वाक्य बदलते, हे तुमच्या कानांना जाणवेल.

आता बोलीविषयी. ‘जाऊलालो’ हा दोष नाही, ती तुमची कमाई आहे, आणि ती लपवण्याच्या धडपडीत तुम्ही स्वतःचा सहजपणा गमावून बसाल, याची मला अधिक काळजी वाटते. दोष असलाच तर तो वाक्याचा शेवट गिळण्यात असतो, आणि घाबरलेला माणूस, मग तो सदाशिव पेठेतला का असेना, हमखास तेच करतो. मित्राला शाळेच्या पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्याकडे पाठ करून उभे करा आणि तुमचे बोलणे ऐकून जसेच्या तसे म्हणायला सांगा. जे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचणार नाहीत, त्यांवर काम करा. एक उतारा लातूर-उदगीरच्या बोलीत आणि एक प्रमाण मराठीत असे दोन तयार ठेवा. एकच सादर करायचा असेल तर जो तुम्हाला आतून ठाऊक आहे, तो करा.

वेळेची मर्यादा आणि इतर नियम त्या वर्षीच्या प्रवेशसूचनेत वाचून घ्या. चाचणीत एखादे वाक्य विसरलात, तर क्षमा मागत बसू नका. श्वास घ्या, समोरच्या पात्राकडे पाहा आणि जिथे होता तिथूनच पुढे बोला.