मी सेंट पीटर्सबर्गला जाणार आहे. रशियन नौदलाच्या जुन्या पाणबुड्या बंदरात पाहून ओळखायच्या कशा, आणि त्यांचे फोटो काढता येतात का?

ओळखता येतात. फक्त फिनवर, म्हणजे पाणबुडीच्या पाठीवरच्या उंच भागावर, रंगवलेला आकडा बघून ओळखायला जाऊ नका. सोव्हिएत नौदल हे आकडे वरचेवर बदलायचं, त्यामुळे एकाच पाणबुडीचे तीन वेगवेगळ्या आकड्यांचे फोटो सापडतात आणि लोक त्यांना तीन पाणबुड्या समजून बसतात. अंगकाठी बघा. माणूस लांबून चालीवरून ओळखतो ना आपण, तसं.

तुम्ही सेंट पीटर्सबर्गला जाणार आहात असं लिहिलंय, म्हणून हे लांबण लावतो. मी मर्चंट नेव्हीत होतो. ऑगस्ट २०१२मध्ये आमचं जहाज खत भरायला तिथे लागलं होतं, मी सेकंड इंजिनिअर. शोअर लीव्ह मिळाली तेव्हा बाकीचे मॉलमध्ये गेले आणि मी आमच्या मालवणच्या फिटरला घेऊन नेव्हाकाठी एस-१८९ बघायला गेलो. लेफ्टनंट श्मिट धक्क्यावर उभी असते, संग्रहालय आहे. ही १९५५ची, प्रकल्प ६१३ची, म्हणजे नाटोच्या भाषेत व्हिस्की. निवृत्त झाल्यावर क्रोनश्टाटला धक्क्याला बांधल्या बांधल्या बुडाली होती. २००५मध्ये वर काढली, डागडुजी केली आणि २०१०मध्ये लोकांना खुली केली. तुम्ही सुरुवात इथूनच करा. हात लावून बघता येतं, फोटोला कोणी हरकत घेत नाही, आणि एक पाणबुडी जवळून पाहिली की पुढच्या सगळ्यांना मोजायला माप मिळतं.

तिथून आम्ही धरणावरच्या रस्त्याने बसने क्रोनश्टाटला गेलो. हे गाव १९९६पर्यंत परक्यांना बंद होतं. पेत्रोव्स्की बागेपुढच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर बंदरात नौदलाची जहाजं दिसतात. त्यांच्या पलीकडे, दोन टगांच्या मागे, काळं काहीतरी पाण्यात बसलं होतं. फिटर म्हणाला, "साहेब, ह्यो केंड फुगलासा दिसता." केंड मासा ज्याने जाळ्यात पाहिलाय त्याला यापुढे सांगायची गरज नाही. सकाळी पाहिलेली एस-१८९ सुरमईसारखी लांबट होती, नाक धारदार. ही आखूड, जाड, बोथट नाकाची, आणि मधोमध पेटीसारखं सरळ भिंतींचं फिन. नाटोच्या भाषेत किलो. रशियन लोक प्रकल्प ८७७ म्हणतात. आपल्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या याच.

मी माझ्या कॅमेऱ्यावर चाळीसेक फोटो काढले असतील. मग गणवेशातला एक जण आला. ओरडला नाही, बोट दाखवून कॅमेरा मागितला आणि शेजारी उभा राहून एकेक फोटो मला पुसायला लावला. एस-१८९चेही गेले, कारण मला घाईत कुठे थांबायचं ते कळेना. पासपोर्ट, शोअर पास बघितला आणि हाताने "जा" अशी खूण केली. जहाजाची वेळ चुकली असती तर माझी नोकरी गेली असती, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं आणि पाय थरथरायला लागले. फिटरच्या खिशातला फोन मात्र त्याने मागितलाच नाही. त्यात एक फोटो होता. हललेला, अर्धी पाणबुडी टगामागे, दिसतं ते नाक आणि फिन.

हा फोटो मी घरी दाखवला आणि इथून खरा त्रास सुरू झाला. माझे साडूभाऊ बँकेत होते. एलटीसीवर विशाखापट्टणमला जाऊन समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय करून ठेवलेली आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी कुरसुरा बघून आलेले. फोटो बघताक्षणी म्हणाले, "ही फॉक्सट्रॉट. कुरसुराची बहीण. मी आतून बघितलीय." आता कुरसुरा आहे फॉक्सट्रॉट वर्गाचीच, आणि आपल्या फॉक्सट्रॉट लेनिनग्राडमध्येच बांधलेल्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटतंही. मी समजावलं. फॉक्सट्रॉट ९१ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद, किलो ७३ मीटरच्या आत आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. एक काकडी, दुसरा कोहळा. फॉक्सट्रॉट ही मुळात पृष्ठभागावर चालायची आणि गरज पडली की बुडी मारायची अशा विचाराची नाव, म्हणून तिचं नाक जहाजासारखं उभं, त्यावर सोनारचा घुमट, वरचं डेक सपाट, कडेने पाणी वाहून जायच्या फटींची लांबच लांब रांग. किलो पाण्याखाली राहण्यासाठी घडवलेली, म्हणून गोल. अंगावर आवाज शोषणाऱ्या रबरी लाद्या. फॉक्सट्रॉटला तीन प्रोपेलर, किलोला एक. साडूभाऊ म्हणाले, "प्रोपेलर पाण्यात आहेत, तुला दिसले का?" नाही दिसले. दिसतच नाहीत, आणि म्हणूनच पुस्तकी खुणा धक्क्यावर कुचकामी ठरतात. सेव्हास्तोपोलची 'अलरोसा' ही किलो तिच्या वर्गात एकटीच, कारण तिला उघड्या प्रोपेलरऐवजी पंपजेट, म्हणजे नळकांड्यातून पाणी मागे फेकणारं यंत्र, आहे. पण ती धक्क्याला लागली असताना हा फरक मासेच बघू शकतात.

पुढच्या वर्षी, १४ ऑगस्ट २०१३च्या मध्यरात्रीनंतर, मुंबईत आपली सिंधुरक्षक ही किलोच स्फोटाने बुडाली. १८ जण गेले. ती सेंट पीटर्सबर्गलाच बांधलेली, रशियात मोठी दुरुस्ती करून त्याच वर्षी परत आलेली. मी तेव्हा घरी रजेवर होतो, टीव्हीसमोरून हललो नाही. एका दैनिकाने बातमीसोबत जो फोटो छापला तो होता फॉक्सट्रॉटचा. सकाळी आठला साडूभाऊंचा फोन. "बघ, पेपरातपण आलंय. तुझी किलो अशीच दिसते ना? मग तुझ्या फोटोतली पण हीच." मला कळेना की त्यांना झालंय काय ते समजलंय का. आणि लाज वाटते सांगायला, मीही फोन ठेवला नाही. वीस मिनिटं फटींच्या रांगेवरून वाद घातला. बायको मधे येऊन म्हणाली, "अरे, माणसं आत आहेत अजून." तेव्हा थांबलो.

त्या दिवसापासून मला कोणी विचारलं की चुकीच्या फोटोने काय फरक पडतो, तर माझं डोकं फिरतं.

असो. फोटो काढायचं म्हणाल तर शक्य तितका आडवा, पूर्ण लांबीचा काढा. झूम करून फिनचा हिरो शॉट काढण्यात अर्थ नाही, माझा फिटर अनवधानाने तेच करून बसला आणि मी चौदा वर्षं भांडतोय. पाण्याची रेषा फोटोत हवी. डेकवर खलाशी असेल तर तो कापू नका, त्याच्यावरून लांबीचा अंदाज बांधता येतो. पाणी चमकत असेल तर पाणबुडी नुसता काळा डाग होऊन येते, तेव्हा एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवा, आकाश पांढरं फटक झालं तरी बिघडत नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लाद्यांचे जोड उठून दिसतात. जुन्या पाणबुडीच्या लाद्या गळून पडलेल्या असतात, आणि ती भोकं कुठे आहेत हे आकड्यापेक्षा खात्रीचं. नुसता रंग मारून ती लपत नाहीत. दोन फोटोंतल्या तारखा जवळच्या असतील तर यावरून तीच पाणबुडी की दुसरी हे ठरवता येतं. त्या काळात बाल्टिक ताफ्यात 'विबोर्ग' आणि 'द्मित्रोव' या दोन किलो होत्या. माझी यातली कोणती, हे त्या हललेल्या फोटोवरून सांगता येत नाही, आणि मी सांगतही नाही. व्हिस्की आणि फॉक्सट्रॉट यांत गल्लत झाली तर मी समजू शकतो, दोघी एकाच वळणाच्या. ८७७ आणि तिची नंतरची सुधारित आवृत्ती ६३६ यांत लांबीचा फरक मीटरभराचा, तो मोबाइलच्या फोटोवरून ओळखणारे विद्वान मला भेटलेत, मी त्यांच्यापुढे हात जोडतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मी केलं ते तुम्ही करू नका. २०१२ वेगळं होतं. आज रशिया युद्धात आहे, आणि परदेशी माणसाने चालू नौदल तळाकडे कॅमेरा रोखला तर फोटो पुसून सोडून देतील या भरवशावर राहू नये. पोल्यार्नीसारख्या बंद गावांचा तर विचारही नको. संग्रहालयं भरपूर आहेत: कॅलिनिनग्राडला बी-४१३ ही फॉक्सट्रॉट, मॉस्कोत बी-३९६ ही टँगो वर्गाची, व्लादिवोस्तोकला महायुद्धातली एस-५६. आणि आपल्याकडेही तेच. नौदलाचा तळ हे १९२३च्या शासकीय गुपिते कायद्याखालचं प्रतिबंधित ठिकाण आहे, मग तुम्ही कितीही हौशी असा.

हे मी साडूभाऊंनाही सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला निघालो होतो, आणि लांबवर एक पाणबुडी पृष्ठभागावरून आत येत होती. आखूड, जाड, बोथट. साडूभाऊंनी फोन वर केला, मी त्यांचा हात खाली केला. त्यांनी बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं.

"कुरसुराची धाकटी बहीण दिसते," म्हणाले. "जरा अंगाने भरलीय."

मेव्हणी शेजारी बसली होती, म्हणून मी भेळेची पुडी पुढे केली.