न्यू जर्सीतल्या ओढ्यात शार्कचे जीवाश्म दात कसे शोधायचे आणि कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की नुकतेच एडिसनला राहायला आलात, मुलाला जीवाश्मांचं वेड आहे, जवळच्या कुठल्याशा ओढ्यात शार्कचे दात मिळतात असं कानावर आलंय. तर शोधायचं कसं आणि हाताला लागलेलं काय आहे ते कळणार कसं? मीही एडिसनचीच. मॉनमथ काउंटीतल्या ओढ्यांत बरीच वर्षं हेच करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या ओढ्याचं नाव बिग ब्रुक. मार्लबरो आणि कोल्ट्स नेक या दोन गावांच्या हद्दीत वाहतो. एडिसनहून गाडीने फार लांब नाही. बाउंडरी रोडवर बिग ब्रुक प्रिझर्व्हची गाड्या लावायची जागा आहे, तिथून पायवाटेने पाण्यात उतरता येतं. क्रिटेशियस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या युगाच्या अखेरीकडे, साधारण ७ कोटी वर्षांपूर्वी, हा सगळा मुलूख उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्रतळाचा गाळ ग्लॉकोनाइट नावाच्या खनिजामुळे हिरवट-काळसर दिसतो आणि गंमत म्हणजे अजूनही मऊच आहे, त्याचा दगड झालेला नाही. पावसात ओढा काठ कुरतडतो, बारीक गाळ वाहून जातो आणि जड, टणक वस्तू तळातल्या खड्यांत अडकून राहतात. छिन्नी-हातोड्याचं इथे काही कामच नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे फार नवलाचं वाटतं. तो कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. या ओढ्यातले बरेचसे प्राणी त्याच्याही आधीचे आहेत.

आता नियम, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. एका माणसाने एका दिवसात पाचच जीवाश्म घरी न्यायचे. चाळण १८ इंचांपेक्षा मोठी नको, खुरप्याचं पातं ६ इंचांपेक्षा लांब नको, आणि काठ खणायचा नाही, फक्त ओढ्याच्या तळातले खडे चाळायचे. निघण्याआधी गावाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका, नियम बदलू शकतात. पाचाची मर्यादा ऐकून मुलं पहिल्यांदा हिरमुसतात. पण मला विचाराल तर या छंदाला खरी धार या नियमानेच येते. ओढ्यातच बसून ठरवावं लागतं की काय न्यायचं आणि काय परत पाण्यात सोडायचं, आणि ओळखता आल्याशिवाय ते ठरवता येत नाही. पोतंभर गोळा करून घरी निवडत बसणाऱ्याला ही नजर येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शोधायचं तंत्र सोपं आहे. चांगला पाऊस होऊन गेल्यावर, पाणी उतरून नितळ झालं की जा. वळणाच्या आतल्या बाजूला साचलेले खडे, आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या मागची जागा, जिथे पाण्याचा वेग अचानक मंदावतो तिथे चाळा. नुसत्या वाळूत वेळ घालवू नका. बोराएवढे खडे जिथे आहेत तिथेच दात असतात. पाव इंच जाळीची चाळण पाण्यात अर्धी बुडवून हलवा, चिखल गेला की थांबा आणि सावकाश बघा. डोळ्याला दोन गोष्टी शिकवायच्या: चकाकी आणि सममिती. खडे ओले असले तरी मंद दिसतात, दाताचं इनॅमल मात्र चमकतं. रंगावर जाऊ नका. गाळातल्या खनिजांमुळे हे दात करडे, काळे, तपकिरी, निळसर असे कुठल्याही छटेचे असतात, पांढरे बहुधा नसतात.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. पण शार्क आयुष्यभर दात गाळत असतो, म्हणून दात भरपूर. बिग ब्रुकला सगळ्यांत जास्त भेटतो तो स्कॅपॅनोरिंकस, आजच्या गोब्लिन शार्कचा नातेवाईक. त्याचा पुढचा दात तळहातावर घेऊन बघा. लांब, निमुळता, बाजूने पाहिलं तर हलकासा वळणदार. एक बाजू सपाटशी, दुसरी फुगीर. फुगीर बाजू जिभेकडची. भिंग घेऊन त्या बाजूवर तिरपा उजेड पाडा, इनॅमलवर खालून वर जाणाऱ्या अगदी बारीक उभ्या रेघा दिसतील. मुळाला दोन फाटे असतात आणि त्यांच्या मध्ये एक ठळक उंचवटा, त्या उंचवट्यावर एक खाच. पाण्याने घासून मूळ गेलं असलं तरी रेघा बऱ्याचदा शिल्लक असतात, त्यामुळे अर्धवट तुकडाही ओळखता येतो. बहुतेक दात इंचभर किंवा त्याहून लहान असतात.

दुसरा स्क्वॅलिकोरॅक्स. रुंद, चपटा, टोक एका बाजूला झुकलेलं. याच्या कडेवरून नख फिरवलं की बारीक करवत लागते. इथल्या क्रिटेशियस शार्कांमध्ये अशी करवती कड बहुतेक करून याचीच, त्यामुळे हा ओळखायला सर्वांत सोपा आणि मुलांचा हमखास लाडका. हा मेलेल्या प्राण्यांवर ताव मारणारा असावा. इतर ठिकाणी डायनोसॉरच्या हाडात त्याचा दात रुतलेला सापडला आहे. तिसरा क्रेटोलॅम्ना: कडा गुळगुळीत, मधलं टोक त्रिकोणी आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटं रुंद त्रिकोणी टोक. लांबुडका, बारीक दात असून मूळच नाही असं वाटलं तर तो शार्क नसून एन्कोडस माशाचा सुळा असू शकतो. चौकोनी किंवा षट्कोनी, घासल्यासारखा चपटा तुकडा दिसला आणि खालच्या बाजूला समांतर खाचा असल्या तर तो रे माशाच्या शिंपले फोडायच्या दातांपैकी एक.

दातांच्या नादात लोक बेलेम्नाइट फेकून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. आजच्या माकूल, म्हणजे स्क्विडच्या कुळातला हा प्राणी. त्याच्या अंगातला टणक दांडा तेवढा उरतो. पेन्सिलीएवढा जाड, एका टोकाला निमुळता, मधाच्या रंगाचा, उजेडासमोर धरला तर थोडा आरपार दिसणारा. तुटलेल्या तोंडाशी पाहिलं की मध्यापासून बाहेर जाणारे कॅल्साइटचे तंतू दिसतात, ही त्याची पक्की खूण. इथली जात बेलेम्नायटेला अमेरिकाना. साउथ कॅरोलायनातल्या पीडी थरातल्या याच जातीच्या नमुन्यापासून शिकागोत रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी यांच्या गटाने कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं, प्रमाण मोजायचं मानक बनवलं. मूळ नमुना केव्हाच संपला, तरी जगभरच्या प्रयोगशाळा अजून त्याच मापाच्या आधारे जुन्या समुद्रांचं तापमान काढतात. मुलाला हे जरूर सांगा, तो पुन्हा बेलेम्नाइट फेकणार नाही.

फसवणाऱ्या गोष्टीही भरपूर आहेत. लोखंडी गंजाने घट्ट झालेल्या तपकिरी नळ्या हुबेहूब हाडांसारख्या दिसतात. भिंगाखाली खऱ्या हाडात बारीक छिद्रांची जाळी दिसते, नळीत नुसती वाळू चिकटलेली असते. हरणाचे, घोड्याचे दातही मिळतात. त्यांच्या चावायच्या पृष्ठभागावर इनॅमलच्या घड्या असतात, शार्कच्या दातावर कधीच नसतात. कधी इथले मूळ रहिवासी असलेल्या लेनापी लोकांचं दगडी बाणाचं टोकही चाळणीत येतं, ते जीवाश्मांत मोजायचं नाही आणि त्याची माहिती जाणकारांना द्यावी हे बरं.

मोठं हाड किंवा मोसासॉरचा, म्हणजे त्या काळच्या अजस्र समुद्री सरड्याचा, जाड, शंकूसारखा दात सापडला तर जागेचा आणि वस्तूचा मोजपट्टीसकट फोटो घ्या आणि ट्रेंटनच्या न्यू जर्सी स्टेट म्युझियमला विचारा. हे मी उगाच औपचारिकता म्हणून सांगत नाही. १८५८ साली याच राज्यात हॅडनफील्डला मार्लच्या, म्हणजे अशाच समुद्री गाळाच्या खाणीतून हॅड्रोसॉरस या डायनोसॉरचा सांगाडा निघाला, फिलाडेल्फियाचे शास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी तो अभ्यासला, आणि तोवर कुठल्याच डायनोसॉरची इतकी हाडं एकत्र मिळालेली नव्हती. जमिनीवरचा प्राणी, मेल्यावर वाहत समुद्रात आलेला. असं काही घरच्या कपाटात पडून राहू नये.

घरी आल्यावर मऊ टूथब्रश आणि साधं पाणी एवढंच वापरा. व्हिनेगर वगैरे अजिबात नको, बेलेम्नाइट आणि शिंपले त्यात विरघळतात. सावलीत वाळवा आणि प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: ओढा, कुठला पूल किंवा वळण, तारीख, तुम्ही काय ओळखलंत. ओळख पुढे बदलली तर जुनी खोडू नका, खाली नवी लिहा. मुलाकडून लिहून घ्या, त्याला आवडेल.

गमबूट हवेतच, तळात फुटक्या काचा असतात. झाडीत गोचिडी आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि परतल्यावर मुलाचं सगळं अंग तपासा. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हात लावू नका, तिच्याने अंगावर खाजरं पुरळ उठतं. उंच काठाच्या खाली बसू नका, दरड सुटते.

मूल लहान असेल आणि खूप वेळ काहीच हाती न लागण्याची तयारी नसेल, तर पहिल्यांदा मिडलटाउनच्या पोरिसी पार्कला जा. तिथल्या ओढ्यात दात कमी, पण एक्सोगायरासारखे जाडजूड शिंपले आणि बेलेम्नाइट बऱ्यापैकी मिळतात. पहिल्या खेपेला सापडलेल्या वस्तूंचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून इथेच टाका, शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. बघून सांगेन.