ब्रँडेड फिशिंगच्या सामानाला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात राहून गळ टाकायचा नाद नव्यानं लागलाय, दुकानात बाराशे रुपयांत रॉड, रील, दोरा, गळ असं सगळं एकाच पाकिटात मिळतंय आणि बाजूच्या कपाटातलं शिमानो-दाइवा या जपानी कंपन्यांचं सामान सात-आठ हजारांच्या घरात जातंय. फरक खरा आहे की नुसते नावाचे पैसे?

दोन्ही आहे. फक्त दुकानदार ज्या क्रमानं सामान दाखवतो त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं ब्रँडचे जादा पैसे घालावेत असं माझं मत आहे. तो आधी चकचकीत रॉड हातात देतो, मग रील फिरवून दाखवतो आणि दोरा-गळ शेवटी 'हे आपलं असू द्या' म्हणून पिशवीत टाकतो. मासा मात्र आधी गळाला भिडतो, मग दोऱ्याला, मग रीलच्या ड्रॅगला, म्हणजे ताण आला की दोरा सोडणाऱ्या ब्रेकला. रॉडची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो.

म्हणून पहिला खर्च गळावर. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून हलकेच ओढा. चांगला गळ जागच्या जागी रुततो, भिकार गळ पांढरी रेघ मारत घसरत जातो. पाकिटातल्या फुकट गळांपैकी बरेचसे घसरतात, आणि जे रुततात त्यांची तार इतकी मऊ असते की चार किलोच्या कटल्यानं एक हिसका दिला की गळ उघडून सरळ होतो. नॉर्वेची मुस्ताद १८७७ पासून गळ बनवते, जपानच्या ओनर आणि गामाकात्सूचे गळ तर पाकिटातून काढल्या काढल्या बोटात शिरतील असे असतात. एका गळामागे फरक किती, तर टपरीवरच्या एक-दोन चहांचा. ब्रँडचा पैसा इतका स्वस्तात दुसरीकडे कुठेच वसूल होत नाही.

दोऱ्याचंही तेच. साधं तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, सगळीकडे मिळतं, पण स्वस्त तंगूस ताकद जाडीतून मिळवतं. पाकिटावर २० पौंड लिहिलेलं असतं आणि दोरा हातात घेतला की सुतळी वाटते. जाड दोरा लांब जात नाही, रीलवरून वेटोळी सुटतात, गाठ नीट आवळत नाही. चांगल्या कंपनीचा ०.३० मिलिमीटरचा दोरा त्याच कामाला पुरतो. ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणून केलेला दोरा घ्यायचा असेल तर मात्र स्वस्तातला घेऊच नका. एखाद्या पट्ट्यात जाड, एखाद्यात बारीक असा निघतो आणि बारीक पट्ट्यातच तुटतो. दोरा कोणताही असो, गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावून ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते आणि दोरा तिथेच कमजोर होतो. मग दोरा जपानचा असला तरी काय उपयोग?

आता रील. इथे जरा रेंगाळतो, कारण फसवाफसवी इथेच जास्त. स्वस्त रीलवर १२+१ बेअरिंग असं ठळक छापलेलं असतं. बेअरिंगच्या आकड्याकडे बघूच नका. चार-पाच चांगल्या बेअरिंगचं रील डझनभर रद्दी बेअरिंगच्या रीलपेक्षा जास्त वर्षं टिकतं. बघायचा तो ड्रॅग. मोठा मासा पळायला लागला की दोरा न तुटता सरकत सुटावा यासाठी स्पूलमध्ये (दोरा गुंडाळलेल्या चकरीत) वॉशरची चळत बसवलेली असते. दुकानात एक करून बघा. दोरा रॉडच्या सगळ्या रिंगांतून ओवून टोक मित्राच्या हातात द्या, ड्रॅग मध्यम आवळा आणि त्याला सावकाश मागे चालायला सांगा. नजर रॉडच्या शेंड्यावर ठेवा. शेंडा एका वाकात स्थिर राहिला आणि दोरा सुळसुळत सुटला तर ड्रॅग चांगला. शेंडा खाली-वर नाचायला लागला तर ड्रॅग आधी अडकतोय आणि मग एकदम सुटतोय. त्या प्रत्येक अडकण्यात दोरा तुटायची संधी असते. ही परीक्षा बाराशेच्या पाकिटातलं रील सहसा पास होत नाही, नामवंत कंपन्यांची दोन-तीन हजारांची रीलं सहसा होतात.

शिमानो हे नाव एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात गिअरच्या सायकलींमुळे आधी कळलं. कंपनी १९२१ मध्ये ओसाकाजवळच्या साकाईत सायकलचे सुटे भाग बनवत सुरू झाली आणि मासेमारीच्या सामानात १९७० मध्ये उतरली. धातू ठोकून घडवायचं तेच कसब तिच्या महागड्या रीलच्या दात्यांत आहे. पण महागड्या हे लक्षात ठेवा. त्याच नावाच्या सर्वात स्वस्त रीलमध्ये आतले दाते तसे नसतात. नाव एक, माल निराळा. स्टेला नावाचं त्यांचं रील हजारोंच्या मोठ्या आकड्यात जातं. पानशेतच्या काठावर कणकेचा गोळा लावून रोहूची वाट बघणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते फिरवायला लोण्यासारखं आहे, एवढं मान्य.

रॉडवर ब्रँडचे जादा पैसे मी सगळ्यात कमी घालीन. फायबर ग्लासचा दोन तुकड्यांचा साधा रॉड बाइकला बांधून खडबडीत रस्त्यावरून नेला तरी टिकतो. कार्बनचा रॉड हलका आणि जास्त बोलका, म्हणजे माशाची हालचाल हाताला लगेच कळवणारा, पण त्याची कड दगडावर आपटली की पुढच्या मोठ्या माशाला तिथेच मोडतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. धरणांच्या बॅकवॉटरला शेतावरून गेलेल्या तारांखाली लांब कार्बन रॉड उभा धरून चालू नका, हे गमतीनं सांगत नाहीये. दोन्ही प्रकारांत रिंगा तेवढ्या तपासा. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगेतून फिरवा. कापसाचा धागा अडकला तर आत चीर आहे, ती तुमचा दोरा कापणार. बरेचसे रॉड, नामवंत कंपन्यांचेसुद्धा, चीनमधल्या वेहाईसारख्या शहरांतल्या कारखान्यांतून येतात. त्यामुळे मेड इन चायना वाचून नाक मुरडायचं कारण नाही.

ल्यूरचा, म्हणजे खोट्या आमिषाचा प्रश्न थोडा वेगळा. मरळीसाठी गवतावरून ओढायचा रबरी बेडूक स्वस्तातला घ्या, गळ तेवढे बदला. मरळ बेडकावरची सही तपासत नाही. पण पाण्याखाली डुलत जाणारा ल्यूर असेल तर रापाला कंपनीच्या ल्यूरची नक्कल आणि असली रापाला यांत फरक पडतो. लाउरी रापाला या फिनलंडच्या कोळ्यानं १९३६ मध्ये पहिला ल्यूर हातानं कोरला तोच जखमी मासा कसा लडखडतो ते बघून. नकलेचं रंगकाम हुबेहूब असतं, पाण्यात ती एका अंगावर कलते किंवा गोल फिरते.

शिसं, फ्लोट, घंटी, खोका यांवर ब्रँडचा एक रुपयाही नको. वजनाला बोहरी आळीतले किलोवर मिळणारे नट बांधा. पाण्यात शिसं राहत नाही हा वरचा फायदा. ब्रिटनमध्ये शिसं गिळून हंस मरायला लागले म्हणून शिशाच्या छोट्या वजनांवर १९८७ मध्ये बंदी आली होती.

ताम्हिणी उतरून दिवेआगर-मुरूडला जिताडा, तांबोशीच्या मागे लागणार असाल तर हिशोब बदलतो. खारं पाणी स्वस्त रीलला एका मोसमात गंजवतं. तिथे रीलला जास्त पैसे द्या, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यानं हलकेच धुवा. नळ फुल सोडू नका, मीठ आत ढकललं जातं.

महसीर या माशाबद्दल एक. दख्खनचा महसीर कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये जगाला सांगितला तो आपल्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून. आता लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडावी लागतात. कुठे लागलाच तर ड्रॅगची खरी परीक्षा तो घेईल. परीक्षा झाली की सोडून द्या. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवलात तर सोडणं सोपं जातं.

तुमच्या जागी मी असतो तर पाच हजार असे वाटून टाकले असते: रील अडीच हजार, रॉड हजार-बाराशे, दोरा सहाशे-सातशे, गळ आणि स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) तीनशे, उरलेले पीठ-पेंड आणि पेट्रोलला. सात-आठ हजारांची गरज नाही, बाराशेचं पाकीट पण नको. ऑनलाइन अर्ध्या किमतीत शिमानो दिसलं तर ते शिमानो नाही असं समजा. बिल आणि वॉरंटी देणाऱ्याकडूनच घ्या, म्हणजे रीलची बेल (दोरा स्पूलवर घेणारी वाकडी तार) मोडली तर सुटा भाग मागता येतो. आणि सामान घेण्याआधी ज्या धरणावर बसणार तिथला मासेमारीचा ठेका कुठल्या संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी काढा. बिनपरवाना बसलात तर सामान जप्त होताना ब्रँड कोणी बघत नाही.

कुठल्या पाण्यावर आणि कुठल्या माशासाठी बसणार ते खाली लिहिलंत तर गळाचा नंबर सांगतो.