पोरीनं इन्स्टा सोडलं तर शिव्या थांबतील का?

खेळणाऱ्या मुलामुलींचे आईवडील आणि कोच अलीकडे हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वारंवार येतात. सामना हरला, क्लिप फिरली, खाली घाण कमेंटा आल्या. आता सगळ्या टीमनं मिळून इन्स्टाग्राम-फेसबुकवर बहिष्कार टाकला तर हे थांबेल का? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कबड्डीपटू मुलीसोबत काम करताना मला याचं उत्तर नीट शोधावं लागलं. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. कापसाची वेचणी आटोपत आली की आमच्या भागात गावोगाव कबड्डीचे खुले सामने सुरू होतात, रात्री लाइट लावून. अशाच एका फायनलमध्ये शेवटची चढाई हिची होती. संघ एका गुणानं मागे, बोनस खुला. बोनस घेऊन परतली असती तर सामना बरोबरीत सुटला असता. हिनं टच मारायला पाय लांबवला आणि उजव्या कोपऱ्यातल्या पोरीनं घोटा धरला. खेळात हे रोज होतं. पण सामना एका स्थानिक यूट्यूब चॅनलवर लाइव्ह होता, आणि दुसऱ्या दिवशी ती पकड स्लो मोशन करून, वर हसण्याचा आवाज लावून, रील म्हणून फिरू लागली. खालच्या कमेंटांत कबड्डीबद्दल फार थोडं होतं. तिचे कपडे, तिचं अंग, तिची जात, 'हरायचे किती घेतले'. एकानं तर ती पहाटे पळायला जाते त्या रस्त्याचं नाव लिहून धमकी दिली होती.

वडील आणि कोच दोघं आले. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी घराबाहेर निघून नाही राहिली. पयाले जात नाही, जेवत नाही बराबर. उद्या सोयरीक आली तर लोक हाच व्हिडिओ दाखवतीन." कोचच्या डोक्यात मात्र योजना तयार होती. विदेशातल्या फुटबॉलवाल्यांनी असा बहिष्कार टाकल्याचं त्यांनी ऐकलं होतं. बाराही मुलींनी महिनाभर इन्स्टा डिलीट करायचं, मंडळाचं पेजही बंद ठेवायचं, म्हणजे लोकांना कळेल.

कोचनी ऐकलं होतं ते खरं आहे. २०२१ साली ३० एप्रिलच्या दुपारपासून ३ मेच्या मध्यरात्रीपर्यंत इंग्लंडच्या फुटबॉलनं खेळाडूंना ऑनलाइन पडणाऱ्या शिव्यांच्या निषेधार्थ सोशल मीडियावर बहिष्कार टाकला. प्रीमियर लीग, महिला फुटबॉल, खेळाडूंची संघटना सगळे त्यात होते, क्रिकेट आणि रग्बीवालेही सोबत आले. त्याआधी मार्चमध्ये फ्रान्सचा माजी खेळाडू थिएरी ऑन्री यानं याच कारणासाठी सोशल मीडिया सोडला होता. पुढे ११ जुलैला युरो स्पर्धेची फायनल झाली. इंग्लंड पेनल्टीवर इटलीकडून हरलं. पेनल्टी हुकलेले रॅशफर्ड, सँचो आणि साका हे तिघंही कृष्णवर्णीय. त्या रात्री त्यांच्या खात्यांवर वर्णद्वेषी शिव्या तुटून पडल्या. बहिष्काराला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते.

म्हणून बहिष्कार वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्यासोबत ठोस मागण्या होत्या, कडक कायद्याची मागणीही होती, आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट २०२३ मध्ये झालाही. त्याचं श्रेय त्या चार दिवसांना देता येणार नाही, पण दबाव वाढवणाऱ्या गोष्टींत ते दिवस होते. शिवी देणाऱ्याचा हात मात्र त्यानं थांबला नाही. कसा थांबेल? बहिष्कार कंपनीवर होता, ती कंपनी चार दिवस तोटा सोसू शकत होती, आणि सगळे मंगळवारी परत येणार हे तिला ठाऊक होतं.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती युरोच्या फायनलनंतरची एक गोष्ट. ट्विटरनं नंतर स्वतःच जाहीर केलं, की त्या शिव्यांसाठी कायमच्या बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खात्यांचे मालक ओळखता येण्यासारखे होते. ऑगस्टपर्यंत ब्रिटनच्या पोलिसांनी ११ जणांना अटकही केली. आपण समजतो की अंधारातून कुणीतरी अनोळखी दगड मारतोय. बहुतेक वेळा तो कोण हे शोधता येतं.

आमच्या मुलीच्या बाबतीत तर एक जण थेट ओळखीचाच निघाला, ते पुढे सांगते. तिला एकटीला भेटले तेव्हा कळलं की ॲप तिनं पहिल्याच रात्री डिलीट केलं होतं. म्हणजे तिच्यापुरता बहिष्कार सुरूच होता. त्यानं काय झालं? मैत्रिणी स्क्रीनशॉट पाठवायच्या, 'पाय बरं, तुह्याबद्दल काय लिवलं'. भावाच्या मोबाइलवर रील यायची. स्वतः बघता येत नाही म्हणून ती अंदाज बांधत बसायची, आणि अंदाज खऱ्यापेक्षा भयंकर. झोप गेली ती तिथं. शिवाय जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीच्या तारखा इन्स्टावरच कळायच्या, त्याही बंद झाल्या. तिला पोलीस भरती करायची आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तिच्या घरच्यांसाठी तो फार मोठा आधार आहे.

तिनं मला विचारलं, "ताई, शिव्या त्यायनं देल्या, मंग इन्स्टा म्या काहून सोडू?"

वडिलांना आणि कोचना मी नंतर हाच प्रश्न परत विचारला. ज्या घरात मुलीला आधीच 'कायले जातं खेळाले' असं ऐकावं लागतं, तिथं बहिष्कार तिच्यावर लादला की ती शिक्षा होते. तिला वाटतं, आपण गुन्हा केला म्हणून आपल्याला काढलं. मोबाइल काढून घेणारे आईबाप वाईट नसतात, घाबरलेले असतात. पण मुलीच्या मनावर उमटतं ते हेच.

सगळ्यात लागलेली कमेंट कोणती, असं विचारलं तर ती बराच वेळ बोलली नाही. मग सांगितलं. अंगाबद्दलची नव्हती ती. गावातल्याच एका माणसाची होती, ज्याला ती लहानपणापासून काका म्हणते: 'पोरीयले मोकयं सोडलं का असंच होते.'

पुढचं काम आम्ही दोन वाटांनी केलं. पहिली वाट तिच्यासाठी. आठ दिवस ती सोशल मीडियापासून दूर राहील, पण ते तिनं स्वतः ठरवायचं, आणि तेवढे दिवस खातं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात राहील. तिनं आत्याच्या मुलीचं नाव घेतलं. या बहिणीनं प्रत्येक घाण कमेंटचा स्क्रीनशॉट काढला. त्यात तारीख, खात्याचं नाव आणि लिंक दिसेल असं पाहिलं. आणि मगच रिपोर्ट आणि ब्लॉक केलं. क्रम महत्त्वाचा आहे. रागात आधी डिलीट करतात आणि पोलिसांकडे दाखवायला काही उरत नाही. मैत्रिणींनाही सांगितलं, स्क्रीनशॉट हिला पाठवायचे नाहीत, बहिणीला पाठवा.

इन्स्टाग्रामवर २०२१ पासून नको ते शब्द लपवण्याची सोय आहे. पण आपल्या भागातल्या शिव्या त्या यंत्राला कुठून कळणार? त्यात आपण आपले शब्द घालू शकतो. कोच आणि तिच्या भावानं बसून यादी केली: वऱ्हाडी शिव्या, जातीचे टोमणे, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत लोक जशा जशा लिहितात तशा सगळ्या, आणि काही इमोजीसुद्धा. भावाला ती यादी लिहिताना रडू आलं. बहिणीला काय काय वाचावं लागलं हे त्याला तोवर कळलंच नव्हतं.

दुसरी वाट बहिष्काराची. हो, बहिष्कार आम्ही टाकला, पण मुलींनी नाही. मी कोचना एवढंच विचारलं, तुमच्यावाचून कुणाचं अडतं? कंपनीचं अडत नाही. पण त्या यूट्यूब चॅनलवाल्याचं अडतं. त्याचं सगळं पोट आजूबाजूच्या मंडळांच्या सामन्यांवर आहे. सामन्यांच्या व्हिडिओवरूनच त्याला लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी मिळतात. कोचनी परिसरातल्या मंडळांना एकत्र बसवलं. ठरलं ते असं: ती रील हटवायची, मुलींच्या सामन्यात कमेंटा आधी तपासून मगच दिसू द्यायच्या, कुणाही खेळाडूच्या अंगावर कॅमेरा रोखून स्लो मोशन करायचं नाही. नाहीतर ग्राउंडवर स्टँड लावू देणार नाही. पोरगा वाईट नव्हता. व्ह्यूज वाढले म्हणून खुश होता, खाली काय चाललंय ते त्यानं बघितलंच नव्हतं म्हणे. मला ते पूर्ण पटलं नाही, पण त्यानं त्याच दिवशी रील हटवली आणि अटी पाळतो आहे.

टीमनं काय करायचं यावर कोच अडखळत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत क्रिकेटमध्ये भारत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरला, आणि मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या पडल्या. तेव्हा कर्णधार विराट कोहली पत्रकार परिषदेत उघडपणे त्याच्या बाजूनं बोलला. त्यानंतर कोहलीच्या लहान मुलीबद्दल ऑनलाइन धमकी आली. म्हणून बोलणारा एकटा नको. बाराही मुलींनी, त्यांच्या कोचनी आणि सरपंचांनी एकाच संध्याकाळी आपापल्या खात्यावर लिहिलं, की ती चढाई आमच्या सगळ्यांची होती. त्या काकांकडे वडील स्वतः गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. कमेंट गेली.

धमकी देणाऱ्याला समजावून सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पोलीस ठाण्यात आधी 'पोरीले मोबाइल देऊ नका' असा सल्ला मिळाला. मी सोबत लेखी अर्ज घेऊन गेले. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं वापरलेले शब्द भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये येतात, धमकी कलम ३५१ मध्ये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाकली. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, त्यामुळे अशा वेळी लेखी तक्रारच करा. रात्री-बेरात्री मुलीचा जीव घाबरा होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

खेळणाऱ्या मुलींना मी आपल्या नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखबद्दल आवर्जून सांगते. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर तिनं इन्स्टाग्रामवरच लिहिलं, की लोक माझा खेळ सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब बघतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिनं ती जागा सोडली नाही, तिथंच उघडपणे बोलली. जुलै २०२५ मध्ये ती जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आमच्या मुलीनं ती पोस्ट शोधून वाचली. मला म्हणाली, "इतक्या मोठ्या पोरीलेबी?"

प्रत्येकीनं असं उघड लिहावं, असा माझा आग्रह नाही. कुणाला गप्प राहून सावरायचं असतं, कुणाला महिनाभर मोबाइल नको असतो. तेही ठीक, निर्णय तिचा असला म्हणजे झालं. टीम बहिष्कार टाकणार असेल तर मात्र आधी ठरवा: नेमकं कुणाविरुद्ध, किती दिवस, कोणत्या मागणीसाठी, आणि तोवर खात्यावर लक्ष कोण ठेवणार.

ती परत पळायला जाते. आता सोबत दोन मैत्रिणी असतात, रस्ता तोच. खातं सुरू आहे, कमेंट फक्त ओळखीच्यांनाच करता येते, आणि सामन्याच्या आठवड्यात ती ते बहिणीकडे देते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पेजवर ती क्लिप अजून आहे. तिथं आमच्या मंडळांचा जोर चालत नाही. बहिणीनं रिपोर्ट केलं आहे, तक्रारीत ती लिंकही जोडली आहे. धमकीवाल्याचा जबाब पोलिसांनी घेतला, पुढची तारीख यायची आहे.